शिफ्ट लॉकचं टोपण

ऑटोमॅटिक गाडीच्या गिअर लिव्हरशेजारी एक बारीकसं टोपण असतं. असेल नखाएवढं. काही गाड्यांत त्याच्याजवळ 'शिफ्ट लॉक' असं छापलेलं असतं, काहींत काहीच नसतं. ऑनसाइटला जाऊन वर्षानुवर्षं भाड्याच्या गाड्या पळवलेल्या मंडळींनाही हे टोपण दिसलेलं नसतं, कारण ते दिसू नये अशीच व्यवस्था केलेली असते. आजचा लेख या टोपणाबद्दल आहे.

आधी प्रसंग डोळ्यांसमोर आणा. गाडी बेसमेंटमध्ये 'पी'मध्ये उभी आहे. बॅटरी पूर्ण मेली आहे, किंवा किल्ली हरवली आहे, किंवा दोन्ही. गाडी दहा फूट पुढे ढकलायची आहे. मॅन्युअल गाडी असती तर प्रश्नच नव्हता. गिअर काढा, वॉचमनला हाक मारा, ढकला. ऑटोमॅटिकचा लिव्हर मात्र जागचा हलत नाही. कितीही जोर लावा, 'पी' म्हणजे 'पी'.

आणि यावरचा उपाय त्या टोपणाखाली आहे. हँडब्रेक ओढायचा, चपट्या स्क्रूड्रायव्हरने टोपण उचकटायचं, आतल्या खाचेत स्क्रूड्रायव्हरचं टोक (किंवा किल्ली असलीच तर किल्लीचं टोक) दाबून धरायचं आणि लिव्हर 'एन'मध्ये आणायचा. अर्ध्या मिनिटाचं काम.

इथपर्यंतची माहिती गाडीच्या मॅन्युअलमध्ये मिळते. मला कुतूहल होतं ते पुढचं. एवढं मजबूत कुलूप बसवायचं आणि शेजारीच ते उघडायचं भोक ठेवायचं, हे कोणी ठरवलं? ते भोक झाकायचं का? आणि उघडायला स्क्रूड्रायव्हरच का लागावा? गंमत म्हणजे हा स्क्रूड्रायव्हर कुठल्या डिझायनरच्या डोक्यातून आलेला नाही. तो अमेरिकन सरकारच्या नियमात शब्दशः लिहिलेला आहे. आणि त्या एका शब्दामागे पन्नास वर्षांचा इतिहास आहे, त्यात बरीच माणसं मेलेली आहेत.

सुरुवात 'पी'पासून करू. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधून चाकांकडे जो शाफ्ट जातो, त्याच्यावर एक खाचांचं चक्र बसवलेलं असतं. लिव्हर 'पी'त टाकला की बोटभर लांबीची एक पोलादी खिटी त्या चक्राच्या खाचेत जाऊन बसते. तिला पार्किंग पॉल म्हणतात. दीड टनाची गाडी 'पी'मध्ये उभी राहते ती या एका खिटीच्या जिवावर. लिव्हर आणि खिटी यांच्यामध्ये जुन्या पद्धतीच्या गाड्यांत एक साधी केबल असते. म्हणजे बघा, खिटी काढायला वीज लागतच नाही. हाताच्या जोराने ती निघते. मग बॅटरी मेल्यावर लिव्हर अडतो का? तर खिटीमुळे नाही, लिव्हरच्या बुडाशी नंतर बसवलेल्या एका वेगळ्या पिनेमुळे. ती पिन विजेने सरकते. टोपणाखालचं भोक त्या पिनेपर्यंत जातं, गिअरबॉक्सपर्यंत नाही. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

न्यूट्रल एवढं महत्त्वाचं का, तेही इथेच सांगतो. 'पी'मध्ये गाडी ओढली तर एकतर चाकं घासत जातील नाहीतर खिटी तुटेल. आणि न्यूट्रलमध्ये टाकली तरी ज्या चाकांना इंजिनाची ताकद मिळते ती रस्त्यावर फिरवत गाडी लांबवर ओढून नेणं वाईटच, कारण गिअरबॉक्सला तेल पुरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद, म्हणजे तेल बंद. जुन्या अमेरिकन ऑटोमॅटिक गाड्यांत चाकांच्या बाजूने फिरणारा दुसरा पंप असायचा, त्यामुळे त्या धक्का मारून चालूही करता यायच्या! १९६० च्या दशकाच्या मध्यापासून कंपन्यांनी तो दुसरा पंप काढून टाकला. तेव्हापासून ऑटोमॅटिक गाडी धक्का स्टार्ट होत नाही. न्यूट्रलचा उपयोग दहा-वीस फूट ढकलण्यापुरता किंवा टोइंगच्या गाडीवर चढवण्यापुरता.

आता मागे जाऊ. ऑक्टोबर १९३९. जनरल मोटर्सने ओल्ड्समोबिलच्या १९४० च्या मॉडेलबरोबर हायड्रा-मॅटिक नावाचा गिअरबॉक्स बाजारात आणला. मोठ्या संख्येने विकला गेलेला हा पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. क्लचचं पेडलच नाही, हीच त्याची जाहिरात. (दुसऱ्या महायुद्धात हाच गिअरबॉक्स अमेरिकन हलक्या रणगाड्यांतही बसला.) त्याच्या लिव्हरवर चार जागा होत्या: एन, डी, एल, आर. 'पी' कुठे आहे? नव्हताच! गाडी उभी करताना इंजिन बंद करायचं आणि लिव्हर 'आर'मध्ये ठेवायचा, की आत लॉक बसायचं. मॅन्युअल गाडी आपण घाटात गिअरमध्ये ठेवतो, तीच कल्पना.

वेगळा 'पी' घेऊन आला तो ब्यूइकचा डायनाफ्लो, १९४८ मध्ये. त्याचा क्रम होता पी, एन, डी, एल, आर. फोर्डने १९५१ मध्ये आपला ऑटोमॅटिक आणला, त्याचा क्रम पी, आर, एन, डी, एल. म्हणजे एका कंपनीच्या गाडीत 'आर' या टोकाला, दुसरीत त्या टोकाला. जनरल मोटर्सच्या क्रमामागे कारणही होतं. 'एल' आणि 'आर' शेजारी असले की चिखलात किंवा बर्फात अडकलेली गाडी मागेपुढे झुलवून बाहेर काढता येते. पण उतारावर 'एल' टाकायला गेलेला हात एक घर पुढे गेला तर गाडी रिव्हर्समध्ये. ज्यांनी दोन वेगवेगळ्या कीबोर्ड लेआउटवर काम केलंय त्यांना हातांची सवय म्हणजे काय ते सांगायला नको. फरक इतकाच की आपल्याकडे फार तर चुकीचं अक्षर उमटतं.

राल्फ नेडरने १९६५ च्या त्याच्या गाजलेल्या पुस्तकात या क्रमावर तोफ डागली. त्यानंतर अमेरिकेत वाहन सुरक्षेचे पहिले केंद्रीय नियम आले, आणि १ जानेवारी १९६८ पासून लागू झालेल्या नियम क्रमांक १०२ ने क्रम कायमचा ठरवून टाकला. पुढे जाण्याच्या आणि मागे जाण्याच्या जागांमध्ये न्यूट्रल असलाच पाहिजे. 'पी' असेल तर तो टोकाला, 'आर'च्या शेजारी. आणि लिव्हर पुढच्या किंवा मागच्या गिअरमध्ये असताना स्टार्टर फिरता कामा नये. आज आपण ज्याला सहजपणे 'पी, आर, एन, डी' म्हणतो तो क्रम असा आला.

पण नियमाने 'पी' आणि 'आर' शेजारी शेजारी आणून बसवले, आणि पुढची भानगड नेमकी याच दोन घरांच्या मधल्या भिंतीवर झाली.

१९७० च्या दशकात फोर्डच्या गाड्यांबद्दल एक विचित्र तक्रार यायला लागली. माणूस लिव्हर 'पी'त टाकतो, इंजिन चालू ठेवून खाली उतरतो, गॅरेजचं दार उघडायला किंवा टपालपेटी बघायला. आणि गाडी आपोआप मागे येते. तपास करणाऱ्यांचं म्हणणं असं होतं की लिव्हर 'पी'त गेल्यासारखा वाटायचा, पण 'पी' आणि 'आर'च्या मधल्या कडेवर अडकून राहायचा. इंजिनाच्या थरथरीने किंवा दार आपटल्यामुळे तो घसरून 'आर'मध्ये पडायचा. अमेरिकेच्या वाहन सुरक्षा खात्याकडे १९८० पर्यंत सुमारे २३,००० तक्रारी जमल्या. त्यांत ९८ मृत्यूंची नोंद होती.

फोर्डची भूमिका: ड्रायव्हर लिव्हर नीट टाकत नाहीत. खातं गाड्या परत मागवायला लावणार, असं वाटत होतं. पण डिसेंबर १९८० मध्ये तडजोड झाली. काय तडजोड? स्टिकर! १९६६ ते १९७९ च्या मॉडेलांच्या सुमारे २ कोटी ३० लाख गाड्यांच्या मालकांना फोर्डने टपालाने एक स्टिकर पाठवायचा. डॅशबोर्डवर लावायला. त्यावर सूचना: लिव्हर पूर्ण 'पी'त टाका, पार्किंग ब्रेक लावा, इंजिन बंद करा.

आपल्या धंद्यात याला काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे. बग रिपोर्ट आला, आपण कोड बदलला नाही, रिलीज नोट्समध्ये एक ओळ टाकली आणि तिकीट बंद केलं. 'युजर एरर'. स्टिकरवर लिहिलेलं सगळं बरोबर होतं, खरं म्हणजे आजही बरोबर आहे. पण जुन्या गाडीच्या तिसऱ्या मालकाला ते पत्र पोचलं का, पोचलं तर त्याने स्टिकर चिकटवला का, चिकटवला तर घाईत उतरताना वाचला का? लिव्हर होता तिथेच होता, होता तसाच होता.

दुसरं प्रकरण ऑडीचं, आणि हे मला सर्वांत बोलकं वाटतं. २३ नोव्हेंबर १९८६ या दिवशी सीबीएस वाहिनीच्या 'सिक्स्टी मिनिट्स' या कार्यक्रमात ऑडी ५००० या गाडीवर एक भाग दाखवला गेला. तक्रार अशी, की माणूस गाडी चालू करतो, लिव्हर 'पी'तून 'डी' किंवा 'आर'मध्ये टाकतो आणि गाडी एकदम उधळते. ब्रेक दाबला तरी थांबत नाही. एका आईने आपल्याच गाडीखाली आपला मुलगा गमावला होता. ते बघून देश हादरला. कार्यक्रमात एका गाडीचं ॲक्सिलरेटर पेडल आपोआप खाली जाताना दाखवलं. गिअरबॉक्समध्ये भोक पाडून बाहेरून दाबाखालची हवा सोडल्यामुळे ते पेडल हलत होतं, ही गोष्ट प्रेक्षकांना सांगितली नव्हती. ती नंतर बाहेर आली.

ऑडीचं म्हणणं, ड्रायव्हर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबतायत. ऐकणार कोण? मूल गमावलेल्या आईला 'तुमचा पाय चुकला' असं सांगणारी कंपनी लोकांच्या मनातून उतरली. १९८५ मध्ये अमेरिकेत ऑडीच्या ७४,०६१ गाड्या विकल्या गेल्या होत्या. १९९१ मध्ये १२,२८३. मधल्या काळात ५००० हे नावसुद्धा कंपनीला टाकून द्यावं लागलं.

आणि निकाल? १९८९ मध्ये सरकारी वाहतूक संशोधन केंद्राचा अहवाल आला. अनेक कंपन्यांच्या गाड्या तपासून त्यांनी सांगितलं की ज्या अपघातांत गाडीत काही बिघाड सापडत नाही, तिथे स्पष्टीकरण एकच उरतं: चुकीचं पेडल. उभ्या गाडीचे ब्रेक पूर्ण ॲक्सिलरेटरलाही पुरून उरतात. आणि ज्याचा पाय चुकतो त्याला तो चुकलाय हे कळत नाही. गाडी थांबेना म्हणून तो आणखी जोरात दाबतो. तेच पेडल. म्हणजे ते लोक खोटं बोलत नव्हते. त्यांच्या लेखी त्यांचा पाय ब्रेकवरच होता.

थोडक्यात, कंपनी बरोबर होती. चूक ड्रायव्हरची होती. पण हा निकाल यायच्या दोन वर्षं आधीच, जानेवारी १९८७ मध्ये, ऑडीने सुमारे अडीच लाख गाड्या परत मागवून त्यांत एक छोटी वस्तू बसवायला सुरुवात केली होती. विजेवर चालणारी एक पिन. ब्रेक पेडल दाबलेलं असेल तरच ती मागे सरकते आणि लिव्हर 'पी'तून बाहेर येतो. साधा विचार. गाडी उधळते ती 'पी'तून बाहेर पडताना. त्या क्षणी पाय ब्रेकवर आहे याची खात्री गाडीनेच करून घ्यायची. पाय चुकून ॲक्सिलरेटरवर असेल तर लिव्हर हलणारच नाही. ज्या गाड्यांत हे लॉक बसलं, त्यांच्या अशा तक्रारी घटल्या.

हेच ते शिफ्ट लॉक.

मला यातलं आवडतं ते हे. फोर्ड आणि ऑडी दोघांनीही बोट ड्रायव्हरकडेच दाखवलं होतं. फोर्ड तिथे थांबली. ऑडीने (विक्री बुडत होती म्हणून का होईना) पुढचं पाऊल टाकलं. चूक माणसाची असेल, मान्य. मग ती चूक करताच येऊ नये असं गाडीत काय करता येईल? पहिल्या प्रश्नाचं उत्तर कोर्टात उपयोगी पडतं. माणूस वाचतो तो दुसऱ्या प्रश्नामुळे.

पण आता विजेची पिन आली, म्हणजे नवा प्रश्न आला. वीज गेली तर?

१९७० पासून अमेरिकेत चोरीविरुद्ध नियम क्रमांक ११४ लागू होता. किल्ली काढली की इंजिन चालू होता कामा नये, आणि स्टिअरिंग तरी अडलं पाहिजे नाहीतर गाडी स्वतःच्या ताकदीने पुढे तरी जाता कामा नये. १९९० मध्ये या नियमात भर पडली. कारण वेगळं होतं: उभ्या गाडीत खेळणारी लहान मुलं लिव्हर ओढायची आणि गाडी उतारावरून निघायची. म्हणून ठरलं की लिव्हर 'पी'त असल्याशिवाय किल्ली निघू नये, आणि किल्लीशिवाय लिव्हर 'पी'तून हलू नये.

कागदावर एकदम पक्कं. पण प्रत्यक्षात? बॅटरी मेली तर ती गाडी म्हणजे रस्त्यावरचा दगड. टोइंगवाल्याला नेता येणार नाही, गॅरेजवाल्याला हलवता येणार नाही. कंपन्यांनी हरकती घेतल्या आणि १९९१ मध्ये नियमात पळवाट आली. कुलूप हाताने सोडवायची सोय ठेवता येईल. पण ती मुलांच्या आणि चोरांच्या हाती लागू नये म्हणून अटी. किल्ली नसताना स्टिअरिंग अडलेलं असलं पाहिजे. ती सोय एकतर किल्लीने चालावी, किंवा ती अशा अपारदर्शक झाकणाखाली असावी जे लावलेलं असताना आतलं दिसणार नाही आणि वापरताही येणार नाही. आणि हे झाकण स्क्रूड्रायव्हरने किंवा तसल्याच एखाद्या हत्याराने काढता आलं पाहिजे, नुसत्या हाताने नाही.

तर हे आपलं टोपण! ते का आहे, दिसत का नाही, नखाने का निघत नाही, सगळ्याची उत्तरं त्या एका परिच्छेदात आहेत. तीन वर्षांच्या मुलाकडे स्क्रूड्रायव्हर नसतो. मोठ्या माणसाला तो मिळवता येतो. चोराकडेही असतो, पण त्याला स्टिअरिंग नडतं. कोणासाठी उघडं आणि कोणासाठी बंद, हे एका स्क्रूड्रायव्हरवर तोललंय. सिक्युरिटीवाले ज्याला 'थ्रेट मॉडेल' म्हणून पन्नास स्लाइड्स दाखवतात ते हेच.

(पुढे २००८ च्या कायद्याने 'ब्रेक दाबल्याशिवाय "पी"तून बाहेर नाही' ही अटही सक्तीची केली, १ सप्टेंबर २०१० नंतर बनलेल्या हलक्या गाड्यांसाठी. कंपन्यांनी ते आधीच स्वेच्छेने मान्य केलं होतं. म्हणजे ऑडीच्या पिनेपासून सक्तीपर्यंत वीसेक वर्षं लागली.)

या इतिहासाचा एक व्यावहारिक फायदाही आहे. पिनेला 'ब्रेक दाबला आहे' हे बऱ्याच गाड्यांत ब्रेक लाइटच्या स्विचवरून कळतं. त्यामुळे कधी बॅटरी ठणठणीत असूनही लिव्हर 'पी'त अडकला तर आधी कोणाला तरी मागे उभं करून ब्रेक लाइट लागतात का ते बघा. नसतील लागत तर दोष बहुधा लिव्हरमध्ये नाही, ब्रेक लाइटच्या फ्यूजमध्ये किंवा स्विचमध्ये आहे. टोपण उघडून तुम्ही गाडी गॅरेजपर्यंत नेऊ शकाल, पण ब्रेक लाइटशिवाय, हे विसरू नका.

आणि किल्ली नसताना टोपण वापरलंत तरी स्टिअरिंग अडलेलंच राहणार, म्हणजे गाडी जवळजवळ सरळ रेषेतच जाणार. उतारावर असाल तर चाकांना दगड लावल्याशिवाय हा प्रयोग करू नका. इंजिन बंद असताना ब्रेकचा बूस्टर दोन-तीन दाबांत संपतो. पेडल मग दगडासारखं लागतं.

नियम अमेरिकेचा, पण गाड्या जगभर जातात. आणि प्रत्येक गावाची पार्किंगची तऱ्हा वेगळी. बँकॉकमध्ये मॉलच्या पार्किंगमध्ये लोक रांगेतल्या गाड्यांसमोर आडवी गाडी लावतात आणि न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक न लावता, सोडून जातात. आतल्या गाडीवाल्याने यायचं, आडवी गाडी हाताने ढकलायची आणि निघायचं. आपल्याकडच्या गजबजलेल्या बाजारांत मॅन्युअल गाड्यांचं हेच चालतं. आता ऑटोमॅटिक गाडीत किल्ली निघते फक्त 'पी'त. मग? किल्ली काढून झाल्यावर शिफ्ट लॉक दाबून लिव्हर परत 'एन'मध्ये! अमेरिकेत जी सोय आयुष्यात एकदा कधीतरी वापरायची म्हणून झाकून ठेवली, ती इथे रोजच्या वापराची झाली. म्हणून तिकडच्या बऱ्याच गाड्यांत ते बटण उघडंच असतं, स्क्रूड्रायव्हर लागत नाही.

आणि भारतात? इथे ऑटोमॅटिकचा खरा प्रसार झाला तो २०१४ च्या सेलेरिओपासून, एएमटीमुळे. एएमटी म्हणजे मुळात मॅन्युअल गिअरबॉक्स, फक्त क्लच आणि गिअर यंत्र हलवतं. यात 'पी' नाही. गाडी उभी करताना गिअरमध्ये ठेवायची, इंजिन बंद करायचं, हँडब्रेक लावायचा. म्हणजे पंचाहत्तर वर्षांनी आपण पुन्हा १९३९ च्या ओल्ड्समोबिलवर आलो! मात्र एक फरक आहे. एएमटीचा लिव्हर हा नुसता स्विच आहे. बॅटरी मेली असताना तो 'एन'मध्ये आणला तरी आतला गिअर निघत नाही. इथे टोपण नाही, भोक नाही. दुसऱ्या बॅटरीवरून जंपर केबल लावा, हाच राजमार्ग.

आणि हा 'नुसता स्विच'च शेवटच्या प्रकरणाचा विषय आहे. २००१ च्या बीएमडब्ल्यू सेव्हन सिरीजपासून आणि २००३ च्या प्रियसपासून महागड्या आणि हायब्रिड गाड्यांत लिव्हर आणि गिअरबॉक्समधली केबलच गेली. लिव्हर सिग्नल पाठवतो, मोटर खिटी हलवते. त्या प्रियसची छोटी १२ व्होल्टची बॅटरी मेली की 'पी'तून बाहेर पडायचा मार्ग ड्रायव्हरकडे नाही. टेस्ला टोइंगच्या गाडीवर चढवायची तर 'ट्रान्सपोर्ट मोड' लागतो, आणि त्यासाठीही १२ व्होल्ट हवेतच. नसतील तर बाहेरून जोडा.

लिव्हर स्विच झाल्याने आणखी एक गोष्ट गेली. हाताला कळणं. फियाट क्रायस्लरने २०१४-१५ च्या जीप ग्रँड चेरोकीमध्ये आणि आणखी काही गाड्यांत असा लिव्हर दिला जो प्रत्येक वेळी सोडला की परत मधोमध येतो. 'पी' असो, 'आर' असो, लिव्हरची जागा तीच. कुठला गिअर आहे ते फक्त पेटलेल्या अक्षरावरून समजायचं. लोक 'पी'त टाकली असं समजून उतरायला लागले आणि गाड्या निघून जायला लागल्या. एप्रिल २०१६ मध्ये कंपनीने जगभरातल्या ११ लाखांहून अधिक गाड्या परत मागवल्या. दुरुस्ती सॉफ्टवेअरची होती: दार उघडलं की गाडीने स्वतःच 'पी'त जायचं. ती सगळ्यांपर्यंत पोचायच्या आत, १९ जून २०१६ रोजी, 'स्टार ट्रेक' चित्रपटांतला सत्तावीस वर्षांचा अभिनेता अँटन येल्चिन लॉस एंजेलिसमध्ये स्वतःच्या घराच्या उतारावर स्वतःच्याच जीपखाली सापडून गेला. गाडी त्या परत मागवलेल्या गाड्यांपैकीच होती.

फोर्डचा ड्रायव्हर १९७५ मध्ये जसा 'पी'त टाकली समजून उतरत होता, तसाच हाही उतरला. मधल्या चाळीस वर्षांत पिन आली, नियम आले, टोपण आलं. हे सगळं शिकून झाल्यावर आम्ही इंजिनिअर लोकांनी लिव्हरचा आकार बदलला आणि धडा पहिल्यापासून गिरवायला घेतला. त्याच जीपमध्ये न्यूट्रलला यायची हाताची सोय होती बरं का. एका झाकणाखाली पट्टा, तो ओढला की खिटी सुटते. वीज गेल्यावर काय करायचं याचा विचार कोणीतरी नीट केला होता. वीज असताना माणूस काय समजेल, याचा विचार राहून गेला.

असो. मी रोज जो कोड लिहितो त्याने कोणी मरत नाही, निदान अजून तरी. पण 'युजर एरर' लिहून तिकीट बंद करताना हल्ली हात जरा अडतो. त्या शेऱ्यानंतर एक प्रश्न उरतो आणि तो विचारायचं काम आपलंच असतं.

तुमच्याकडे ऑटोमॅटिक गाडी असेल तर या शनिवार-रविवारी दोन गोष्टी करा. मॅन्युअलमधलं शिफ्ट लॉकचं पान शोधून आपल्या गाडीत ते टोपण कुठे आहे (की नाहीच आहे) ते सपाट जागेवर, दिवसाउजेडी, बघून ठेवा. आणि 'पी'त टाकल्यावरही हँडब्रेक ओढायची सवय लावून घ्या. सगळा भार त्या बोटभर खिटीवर टाकू नका. फोर्डच्या स्टिकरवर नेमकं हेच लिहिलेलं होतं, आणि तेवढं मात्र बरोबर होतं.